वैरणीची बेगमी आणि जुना बेलर

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या आश्रयाने पसरलेला नांदगाव तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. म्हणजे पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिते होतात, इथवर पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही, आणि वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास जो पाऊस पडतो तो चार महिन्यांत सारखा वाटून पडेल याचीही शाश्वती नसते. अशा मुलखात वैरणीची टंचाई धान्याच्या टंचाईआधी दाराशी येते, कारण धान्य थोड्या जागेत मावते आणि दुरून आणले तरी परवडते, तर वैरण हलकी, फोफशी आणि जागा खाणारी असल्यामुळे तिच्या वाहतुकीचा खर्च पाहता पाहता तिच्या किमतीच्या वर जातो. याच तालुक्यातील मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची विस्तीर्ण धान्यगोदामे आहेत आणि रेल्वेने आलेले गहू-तांदूळ तिथे थप्प्या लावून ठेवले जातात. वैरणीचे कोठार मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापल्या खळ्यात किंवा गोठ्यामागे रचलेली गंजी एवढेच असते, आणि ती गंजी फाल्गुनात किती उंच आहे यावरून त्या घरची जनावरे मृगापर्यंत दावणीला राहतील की बाजाराची वाट धरतील हे ठरते. गोल गाठी बांधणारे जुने यंत्र विकत घ्यावे की नाही, हा वरवर यांत्रिक वाटणारा प्रश्न नांदगावात या गंजीपासून सुरू होतो.

वैरण साठवण्याची परंपरागत पद्धत साधी आणि अतिशय विचारपूर्वक घडलेली होती. ज्वारीचा कडबा आणि बाजरीचे सरमाड, म्हणजे कणसे काढून घेतल्यावर उरलेली वाळकी ताटे, विळ्याने कापून त्यांच्या पेंढ्या बांधल्या जात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा होई, खरेदी-विक्री शेकड्यावर चाले, आणि गंजी रचताना बुडखे बाहेर व शेंडे आत ठेवून वरून उतार असा काढला जाई की पावसाचे पाणी बाहेरच्या ताटांवरून निथळून जावे. गंजी रचणे ही कला होती आणि ती जाणणारी माणसे गावोगाव होती. गेल्या काही दशकांत या पद्धतीचे दोन आधार एकाच वेळी खचले. बाजरी-ज्वारीच्या बऱ्याचशा रानात मका आला, ज्याची ताटे जाड, रसदार आणि पेंढीत बांधायला अवघड. आणि कापणी-बांधणीला लागणारे हात कमी झाले व महागले. मक्याची कणसे खुडून झाली की त्याच रानात कांदा लावण्याची घाई असते, रोपे तयार होऊन वाट पाहत असतात, आणि त्या घाईत उभी ताटे बांधावर लोटली जातात, रोटाव्हेटरखाली चिरडली जातात किंवा सरळ पेटवून दिली जातात. चैत्रात ज्या चाऱ्यासाठी शेतकरी दारोदार फिरतो तोच चारा कार्तिकात त्याला अडगळ वाटतो, ही या तालुक्याच्या शेतीतील सर्वांत दुखरी विसंगती आहे, आणि बेलरचा विचार करायचा तो ही विसंगती दूर करण्याचे एक साधन म्हणून.

बेलर म्हणजे शेतात ओळीने पडलेला वाळका चारा उचलून, दाबून, बांधून त्याची गाठ करणारे ट्रॅक्टरचलित यंत्र. गाठ दोन आकारांत होते, चौकोनी आणि गोल. चौकोनी गाठ बांधणाऱ्या यंत्रात दट्ट्या पुढे-मागे होऊन चारा ठोकतो आणि दोरीला गाठ मारणारी नॉटर नावाची एक नाजूक, बारीक भागांची रचना असते, जी जुनी झाली की तिला ताळ्यावर आणणे जाणकारालाही कठीण जाते. गोल बेलरमध्ये हा भाग नसतो. त्यात पुढच्या बाजूला पिकअप म्हणजे स्प्रिंगसारख्या लवचिक पोलादी दात्यांचे फिरते रहाट असते; ते चारा उचलून मागच्या गोल कप्प्यात लोटते, कप्प्याच्या भोवताली बसवलेले रोलर फिरत राहतात आणि आत आलेला चारा स्वतःभोवती गुंडाळला जाऊन त्याचा लोड तयार होतो. कप्पा भरला की ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा, दोरीचे दोन-चार वेढे लोडाभोवती बसू द्यायचे, मागचे दार उघडायचे आणि गाठ खाली घरंगळू द्यायची, एवढाच हा व्यवहार. गोल कप्पाही दोन प्रकारचा असतो. स्थिर कप्प्यात रोलरची जागा बदलत नाही, त्यामुळे आरंभी आलेला चारा सैलपणे घोळत राहतो आणि कप्पा भरत आल्यावरच दाब बसतो, म्हणून गाठीचा गाभा मऊ व साल घट्ट होते. बदलत्या कप्प्यात ताणलेले पट्टे पहिल्या मुठीपासून चारा आवळत जातात व गाभाही टणक होतो. पट्ट्यांचे यंत्र वजनदार गाठ देते, पण ते खास पट्टे महाग असतात आणि जुन्या यंत्राला मिळतीलच असे नाही. रोलरचे यंत्र हलकी गाठ देते, पण त्यात मोडणारे बहुतेक भाग साध्या बाजारात सापडतात. जुन्या यंत्राच्या बाबतीत या फरकाला फार मोठे वजन आहे.

या यंत्राचा उगम अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात झाला. तिथल्या उमो ल्यूबेन या शेतकऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी चारा गुंडाळून बांधण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली, पुढे अॅलिस-चाल्मर्स या कंपनीने तिचे हक्क घेऊन १९४७ मध्ये ‘रोटो-बेलर’ बाजारात आणला, आणि त्यातून निघणाऱ्या गाठी एका माणसाला उचलता येतील अशा लहान होत्या. माणसाच्या उंचीची, शेकडो किलोंची गाठ नंतरची; १९७१ मध्ये आयोवा प्रांतातील गॅरी व्हर्मीर यांनी ती आणली, आणि तिच्याबरोबर ती उचलणारे लोडर, ती वाहणारे ट्रेलर व ती उलगडणारी साधने हा सारा पसारा आला. नांदगावच्या दोन-तीन एकरांच्या तुकड्यांना, अरुंद बांधांना आणि ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तो पसारा पेलणारा नाही. इथे उपयोगी पडतो तो मिनी राउंड बेलर, ज्याची गाठ साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची, ७० सेंटिमीटर रुंदीची आणि चाऱ्याच्या जातीप्रमाणे २० किलोंच्या आगेमागे भरते, म्हणजे १९४७ च्या त्या लहान गाठीचीच ही धाकटी बहीण. घरातील बाईमाणसाला ती गोठ्यापर्यंत लोटत नेता येते, आणि जिथे जनावरांचे शेण-वैरण बहुतांशी बायकाच पाहतात तिथे यंत्राची निवड करताना हा निकष आरंभीच्या निकषांत धरला पाहिजे.

गाठ बांधण्याचा मूळ हेतू मात्र साठवणे हा नव्हता, वाहून नेणे हा होता, आणि महाराष्ट्राला त्याचा एक कठोर अनुभव आहे. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशींना आणि घोड्यांना लागणारे गवत जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील डोंगरांतून येई. ते कापायला वारली, दाबून गाठी करायला व्यापाऱ्यांच्या वखारी, आणि वाहायला रेल्वे अशी ती साखळी होती. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी जो लढा दिला त्यातील एक प्रमुख मागणी ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी ही होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. गवत सैल असते तोवर ते जिथे उगवले तिथल्याच गुरांचे असते. त्याची गाठ झाली की ते दूरच्या खरेदीदाराचे होऊ शकते, आणि मग कापणाऱ्याच्या वाट्याला काय उरते हा प्रश्न गाठीबरोबरच जन्माला येतो. दुष्काळाची चाहूल लागताच चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई करणारे आदेश महाराष्ट्रातील जिल्हाधिकारी काढतात, त्यामागे हीच जाणीव असते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत नांदगाव होता, आणि आदल्या सुगीतला चारा गावात ठेवणाऱ्याने व विकून टाकणाऱ्याने तो उन्हाळा अगदी वेगवेगळा काढला.

जवळची संपत्ती दुसरीकडे वाहत जाताना पाहणे नांदगावकरांना नवे नाही. १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण याच तालुक्याच्या हद्दीत उभे आहे, परंतु त्याच्या कालव्यांचे पाणी मुख्यतः खालच्या जळगाव जिल्ह्यातील शेतीला मिळते. नदीचा उतार तिकडे आहे आणि त्या शेतांचा हक्कही खरा आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. चाऱ्याला मात्र उतार नसतो. तो कोणत्या दिशेने जाईल हे गाठ बांधणाऱ्याच्या गरजेवर ठरते, आणि त्या गरजेत सर्वांत जोरकस गरज कर्जाच्या हप्त्याची असते. नवा बेलर बहुधा कर्ज काढून घेतला जातो; हप्ता फेडायचा म्हणून तो हंगामात अहोरात्र चालवावा लागतो, भाड्याने लोकांच्या रानात न्यावा लागतो, आणि भाड्याने भागले नाही की चाराच विकत घेऊन, गाठी बांधून, जास्त दर देणाऱ्या दूरच्या गोठ्यांना किंवा कारखान्यांना पुरवावा लागतो. यात कोणाचा दोष नाही. यंत्राची किंमतच मालकाला त्या दिशेने ढकलते. याउलट रोख पैशाने, पाच-सहा कुटुंबांनी मिळून घेतलेला जुना बेलर वर्षातले दहा-अकरा महिने छपराखाली उभा राहिला तरी कोणाचे व्याज वाढत नाही, आणि त्याने बांधलेली गाठ बांधणाऱ्याच्याच गोठ्यात राहू शकते. जुन्या यंत्राच्या स्वस्ताईचे खरे मोल या मोकळिकीत आहे, आणि ते मोल जाणूनच त्याची पारख केली पाहिजे, कारण वाईट निवडलेले जुने यंत्र दुरुस्तीच्या रूपाने तेच कर्ज मागल्या दाराने घरात आणते.

पारख वयावरून होत नाही. तीन हंगाम उसाच्या पाचटात चाललेला बेलर दहा हंगाम मऊ गवतात चाललेल्या बेलरपेक्षा अधिक झिजलेला असू शकतो, कारण पाचट आणि भाताचा पेंढा यांच्या पानांत सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक असलेले कठीण द्रव्य, बरेच असते आणि ते पत्र्याला व रोलरला सतत घासत राहते. त्यात शेतातली माती मिसळली की झीज आणखी वाढते. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातून किंवा पंजाब-हरियाणाच्या भातशेतीतून विकायला आलेल्या यंत्राकडे म्हणूनच अधिक बारकाईने पाहावे लागते. यंत्राने कोणत्या पिकात काम केले, ते कोणाच्या हाती होते, भाड्याने फिरत होते की घरच्यापुरते चालत होते, आणि हंगाम संपल्यावर ते शेडमध्ये उभे होते की बांधावर पावसात, या चार गोष्टी विक्रेत्याच्या गावात जाऊन, जमल्यास शेजाऱ्यांकडूनही, समजून घेतल्या तर निम्मी परीक्षा तिथेच होते. ताज्या रंगाने दिपून जाऊ नये. रंगाखाली वेल्डिंगचे टाके असतात, आणि ते ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यावर किंवा रोलरच्या टोकाशी, म्हणजे जिथे दांडा व नळी एकमेकांना मिळतात तिथे असतील, तर त्या सांध्याला आधी तडा गेला होता आणि पुन्हा जाण्याचा संभव आहे असे समजावे.

फिरते भाग हे या यंत्राचे आयुष्य आहे. ते एकमेकांना साखळ्यांनी जोडलेले असतात, आणि साखळीची झीज ओळखण्याची रीत सोपी आहे: दातेरी चाकावर बसलेली साखळी चाकाच्या मधल्या भागापाशी बोटाने बाहेर ओढावी, ती दात्याच्या निम्म्या उंचीइतकी सुटत असेल तर साखळी संपली आहे, आणि चाकाचे दाते एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर चाकही संपले आहे, मग नुसती साखळी बदलून भागत नाही. प्रत्येक रोलरला दोन्ही टोकांना बेअरिंग, म्हणजे गोळ्यांवर फिरणारी आधारकडी असते. रोलर हाताने वर-खाली हलवून पाहिला असता खटखट जाणवली तर तिच्यात खेळ आला आहे असे मिस्त्री म्हणतात. बेअरिंग स्वस्त आणि प्रमाणित क्रमांकाची असते, नांदगाव-मनमाडला नाही मिळाली तर मालेगावला मिळते, कारण तिथल्या यंत्रमागांनी बेअरिंगची दुकाने, लेथ आणि हाताला नेमकेपणाची सवय असलेले कारागीर यांची एक अख्खी वस्ती पोसली आहे. मनमाडलाही रेल्वेच्या पुलांचे गर्डर घडवणारा जुना कारखाना असल्याने लोखंडाची भाषा जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. जुने यंत्र घेताना ही माणसे हाकेच्या अंतरावर असणे ही यंत्राच्या किमतीइतकीच मोलाची गोष्ट आहे. लेथवर घडवता न येणारा, आणि मूळ कंपनीने बनवणे बंद केलेला एखादा भाग यंत्रात आहे का, एवढा प्रश्न आधी विचारावा. असला आणि तो झिजलेला असला, तर यंत्र कितीही स्वस्त असो, ते सोडून द्यावे.

पिकअपचे दाते मोजण्याची गरज मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एखाद-दुसरा दाता तुटलेला असला तरी यंत्र चालते, म्हणून तो दोष किरकोळ मानला जातो. परंतु तुटलेला दाता हवेत विरत नाही, तो चाऱ्याबरोबर कप्प्यात जातो आणि कोणाच्या तरी गाठीत गुंडाळला जातो. गाय-म्हैस घास न चावता गिळते व मग रवंथ करते, त्यामुळे पोलादाचा तो तुकडा तिच्या पोटाच्या जाळीसारख्या कप्प्यात जाऊन बसतो, तिथून पडदा भेदून हृदयापर्यंतही पोहोचू शकतो, आणि तशी गाय वाचवणे अवघड असते. दोरीचेही तसेच आहे. प्लॅस्टिकची सुतळी स्वस्त पडते आणि कुजत नाही, पण हाच न कुजण्याचा गुण ती गुरांच्या पोटात गेल्यावर जीवघेणा ठरतो, म्हणून ती गाठ सोडताना संपूर्ण काढून, मोजून बाजूला ठेवण्याची शिस्त हवी. ती पाळता येणार नसेल तर ताग किंवा केकताडासारख्या वनस्पतिज धाग्याची दोरी वापरावी. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याने रोज संध्याकाळी दाते मोजावेत आणि एक कमी भरला तर त्या दिवसाच्या गाठींवर खूण करून त्या कुट्टी यंत्रात घालण्यापूर्वी उलगडून चुंबकाने तपासाव्यात. मुक्या जनावराला आपल्या पुढ्यातल्या घासात काय आहे हे पाहता येत नाही, ते त्याच्या धन्याने पाहायचे असते.

वापराची खरी कसोटी ओलाव्यात आहे. गाठीत बांधायच्या चाऱ्यात साधारण १८ टक्क्यांहून अधिक पाणी राहिले तर बुरशी व सूक्ष्मजीव आतल्या आत वाढतात, गाठ तापते, चारा काळवंडतो, आणि मोठ्या गंजीत ही उष्णता साठत गेली तर ती आपोआप पेटही घेते. गव्हाच्या काडाची पारख मुठीत पिळून होते. पीळ देताच तो कडकडून तुटला पाहिजे. मका मात्र फसवतो. त्याची पाने वाळून कुरकुरू लागली तरी ताटाच्या पेरात आणि आतल्या भेंडात पाणी दिवसेंदिवस टिकून राहते, म्हणून पेर नखाने किंवा विळीने चिरून, आतला भाग बोटाने दाबून पाहिल्याशिवाय मक्यात बेलर घालू नये. परतीचा पाऊस लांबला की ही वाट आणखी लांबते, आणि कांद्याची लागवड तर थांबायला तयार नसते. अशा वर्षी हिरव्या-ओल्या मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत किंवा खड्ड्यात आंबवून टिकवलेला चारा करणे अधिक शहाणपणाचे, आणि तेव्हा बेलर शेडमध्येच राहिलेला बरा. लांब, अखंड ताटे रोलरभोवती गुंडाळली जातात, म्हणून मका आधी श्रेडरने फोडून-तोडून ओळीत पाडावा लागतो. उलट हार्वेस्टरमागे उरलेला गव्हाचा काड इतका आखूड, कोरडा आणि गुळगुळीत असतो की एप्रिलच्या दुपारी तो स्थिर कप्प्यात फिरायलाच तयार होत नाही, रोलर नुसते त्याच्यावरून घसरतात. तो भल्या पहाटे, हवेत थोडा दमटपणा असताना बांधला तर गाठ धरतो. डोंगरउतारावरचे पवन्या-मारवेलीचे गवत हा या तालुक्याचा सर्वांत चांगला चारा असला तरी तिथली दगडगोट्यांची जमीन पिकअपचे दाते मोडून टाकते. तिथे विळ्याला पर्याय नाही, आणि ज्याला ते गवत बेलरने हवे असेल त्याने मारवेलीची ठोंबे आपल्या सपाट रानात लावावीत, त्यासाठीचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत.

गाठ बांधून झाली म्हणजे बेगमी झाली असे मानणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. गोल गाठ पाऊस झटकून टाकते हे मोठ्या गाठीबद्दल काही अंशी खरे आहे. लहान गाठीचे गणित निराळे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या गाठीची केवळ ५ सेंटिमीटर जाडीची साल भिजून कुजली तर गाठीचा जवळजवळ ३० टक्के चारा वाया जातो, कारण गोलाच्या बाहेरच्या पातळ थरातच त्याचा मोठा वाटा सामावलेला असतो. म्हणून लहान गाठींना छप्पर हवेच, आणि जमिनीची ओल चढू नये म्हणून खाली लाकडी ओंडके किंवा दगडही हवेत. ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा चारा, लागतो. त्यातला निम्मा वाळक्या वैरणीतून द्यायचा ठरवला तर मार्च ते जून या चार महिन्यांना एका गाईमागे ६०० ते ७२० किलो, म्हणजे २० किलोंच्या ३० ते ३६ गाठी पुरतात. दोन बैल आणि दोन गाई असलेल्या घराला सव्वाशे ते दीडशे गाठी लागतील आणि त्या चार मीटर लांब-रुंद व अडीच मीटर उंच छपराखाली नीट मावतात. जुन्या बेलरच्या खरेदीचा हिशेब मांडताना या छपराचा खर्च आधी धरावा; छप्पर नसलेल्या घरी बेलर आणणे म्हणजे वैरण कुजवण्यासाठी यंत्र घेणे होय.

जिवाची काळजी हा शेवटचा, पण टाळता न येणारा विषय. बेलर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागील बाजूस शक्ती देणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो. तो दांडा मिनिटाला ५४० वेळा, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरतो, आणि धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकला तर माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. जुन्या यंत्रांवरचे या दांड्याचे प्लॅस्टिकचे आवरण बहुधा तुटून गेलेले असते. ते नवे बसवल्याशिवाय यंत्राने एक गाठसुद्धा बांधू नये. तोंबलेला चारा काढताना इंजिन बंद करून चावी खिशात घालावी, आणि उघडलेल्या दाराखाली जाण्यापूर्वी त्याचा अडसर लावावा. तापलेल्या बेअरिंगवर वाळका भुसा साचला की तो पेटतो, यासाठी रोज भुसा झटकणे, ग्रीस भरणे आणि पाण्याचे एक पिंप ट्रॅक्टरवर ठेवणे एवढे तरी व्हावेच. सामाईक यंत्राला ग्रीस कोण भरणार यावरच बहुतेक भागीदाऱ्या मोडतात. म्हणून यंत्र पाच घरांचे असले तरी ते चालवणारा व जपणारा माणूस एकच असावा, त्याला त्याचा मोबदला मिळावा आणि दुरुस्तीचा पैसा गाठीमागे आधीच बाजूला काढला जावा.

ज्या गटाकडे सपाट रान, छप्पर आणि विश्वासाचा मिस्त्री आहे त्याने रोलरचा, लहान गाठीचा जुना बेलर अवश्य घ्यावा. यांतले एक जरी नसले तर शेजारच्या गटाला भाडे देऊन गाठी बांधून घेणे अधिक फायद्याचे. यंत्र पाहायला जाताना आपल्या मिस्त्रीला बरोबर न्यावे, आपल्याच रानातला वाळका चारा ट्रॉलीत भरून न्यावा, तो तिथे ओळीने पसरून निदान वीस गाठी बांधायला लावाव्यात, शेवटची गाठ पडताच इंजिन व पीटीओ बंद करून, दांडा पूर्ण थांबल्यावर प्रत्येक बेअरिंगजवळ हात नेऊन तिची धग पाहावी, आणि मगच किमतीची बोलणी करावीत.